आळीपाळीचा बाण

मित्रांनो, बाण म्हटलं की तुम्हाला धनुष्य आठवेल, नेम आठवेल, सुसाट सुटणं आठवेल. मी त्या जातीचा नाही. मी मेपलच्या लाकडाचा एक जुना बाण आहे. वीतभर लांब, टोकाला लाल रंग, मधोमध एक स्क्रू आणि खाली चौकोनी ठोकळा. आयुष्यात मी कधी सुटलो नाही आणि कुणाला लागलोही नाही. एका जागी बसून मी फक्त डावीकडे किंवा उजवीकडे तोंड करत आलो. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं ते काय? पण माझ्या तोंडाकडे बघून भरल्या हॉलमध्ये माणसं नाचली आहेत, रडली आहेत, आणि एकदा तर सगळं गाव एका म्हातारीशी बोलेनासं झालं. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे. माझी गोष्ट तिच्या गोष्टीला चिकटूनच येते.

माझा जन्म मिशिगनच्या उत्तरेला, हेमलॉक फॉल्स गावच्या शाळेत, सुतारकामाच्या वर्गात झाला. त्या वर्षी शाळेच्या हॉलची जुनी लाकडी जमीन उखडून नवी घालत होते. उखडलेल्या फळ्यांचा ढीग बाहेर बर्फात पडला होता. सुतारकाम शिकवणारे आर्व्हो केंपाइनेन सर त्यातली एक फळी काखोटीला मारून आत घेऊन आले. म्हणजे बाण होण्याआधीही मी बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या पायाखालीच होतो. त्यामुळे या खेळाची मला लाज नाही आणि भीतीही नाही.

माझी गरज पडली ती एका नव्या नियमामुळे. दोन खेळाडू एकाच चेंडूला घट्ट धरून बसले आणि कुणीच सोडेना, की पंच शिट्टी वाजवतात. पूर्वी अशा वेळी पंच त्या दोघांच्या मधे चेंडू वर उडवत आणि दोघं उड्या मारत. जो उंच, त्याचं फावे. नवा नियम म्हणाला, उड्या पुरे झाल्या, आता आळीपाळीने. एकदा तुम्ही, पुढच्या वेळी ते. ज्यांची पाळी असेल त्यांनी रेषेबाहेर उभं राहून चेंडू आत फेकायचा. पण भर गर्दीत, आरडाओरड्यात, पाळी कुणाची हे लक्षात कोण ठेवणार? त्यासाठी टेबलावर बाण. ज्यांची पाळी, त्यांचे खेळाडू ज्या बास्केटवर चढाई करतात तिकडे माझं टोक.

आर्व्हो सरांना हा नियम मुळीच पटला नव्हता. मला पॉलिश पेपरने घासता घासता ते कुरकुरत होते.

"चेंडूसाठी झटायचं सोडून रांगेत उभं राहायचं! हा काय दातांचा दवाखाना आहे?"

दारात शाळेच्या स्वयंपाकघरातली लेंपी कांगास उभी होती. ती त्यांना जेवायला बोलवायला आली होती. लेंपी म्हणजे उंचीने जेमतेम सरांच्या कोपराएवढी.

"आर्व्हो, तू पडलास ताडमाड. तुला उड्यांचं कौतुक असणारच. मी शाळेत असताना जिवाच्या आकांताने चेंडू धरून ठेवायची. मग पंच येऊन तो वर फेकायचे आणि शेजारच्या उंटिणीला मिळायचा. मला विचार या बाणाची किंमत."

"मग तूच सांभाळ त्याला," सर म्हणाले.

"आण इकडे."

असा मी तिच्या हाती आलो. सरांनी कुरकुर केली, पण काम चोख केलं होतं. माझ्या कडा त्यांनी अशा गोल केल्या की इतक्या वर्षांत कुणाच्या बोटात कुसळ गेलं नाही. नियम आवडला नाही म्हणून हात आखडता घेतला, असं त्यांच्याकडून झालं नाही.

लेंपी मुलींच्या दर सामन्याला गुणलेखकांच्या टेबलाशी बसू लागली. पोरं माझ्याशी खेळून स्क्रू सैल करतील म्हणून ती मला तिथे ठेवत नसे. लोकरीच्या एका जाड मोज्यात घालून घरी नेई आणि सामन्याच्या दिवशी परत आणी. तिच्या शेजारी रॉय ट्रेव्हॅरो बसायचा. खाणीतून निवृत्त झालेला, आवाज भसाडा, पोट मोठं. घड्याळ आणि भोंगा त्याच्याकडे. दोघं मध्यंतरात एक पेस्टी, म्हणजे खाणकामगारांची मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, अर्धी अर्धी करून खात आणि सलगमावरून भांडत.

"सलगम नसेल तर ती पेस्टी नव्हेच," रॉय म्हणायचा.

"तुमच्या आज्यांना दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून सलगम," लेंपी म्हणायची. "खा गुपचूप."

गावातली सगळी पोरं तिला मुम्मू म्हणत. आमच्याकडच्या फिनिश घरांतला हा शब्द. मुम्मू म्हणजे आजी. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण अख्ख्या शाळेने तिच्या हातचं खाल्लं होतं. मग नातं लागायला आणखी काय हवं?

आता तिची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच आहे. पाळी मिळालेल्या संघाने रेषेबाहेरून चेंडू फेकला की मला लगेच फिरवायचं नसतं. आतल्या कुठल्यातरी खेळाडूचा चेंडूला रीतसर हात लागला, की मगच ती पाळी संपते. मग मला उलट बाजूला फिरवायचं. आता पुढची पाळी दुसऱ्यांची. बऱ्याच गावांत गुणलेखक इथेच चुकतात. पंचांनी चेंडू हातात दिला रे दिला की बाण फिरवून मोकळे होतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! लेंपी तसं करत नसे. पंच चेंडू देत, तेव्हा ती आपला तळवा माझ्या पाठीवर ठेवी. चेंडू हवेत असेपर्यंत तो तळवा हलत नसे. आत कुणाचा तरी हात लागला की मगच मी फिरे. "दिला म्हणजे पोचला नव्हे," ती रॉयला म्हणायची. मध्यंतरानंतर संघ बास्केट बदलतात. तेव्हाही ती मला फिरवी आणि हळूच म्हणे, "दिशा बदलली हं, पाळी नाही."

आमचे एक जुने पंच होते, डेल पेल्की नावाचे. सामन्याआधी ते टेबलापाशी येऊन विचारायचे, "बाण लेंपीकडेच आहे ना? मग माझी निम्मी काळजी मिटली." हे ऐकलं की माझ्या लाल टोकाला आणखी लाली चढल्यासारखी वाटे. खोटं कशाला बोलू, मला स्तुती आवडते. दोन्ही बाजूंचे लोक ज्याच्यावर विश्वास ठेवतात, असा गावात मी एकटाच होतो. पाद्रीबुवांबद्दलही तसं म्हणता येत नव्हतं.

वर्षं गेली. आर्व्हो सर वारले. लेंपीचा नवरा वारला. ती स्वयंपाकघरातून निवृत्त झाली. तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले. थंडीत तर मला फिरवताना तिच्या कपाळाला आठ्या पडत. तरीही ती येत राहिली. आमच्याकडे बर्फ लवकर पडतो आणि उशिरा वितळतो; एकट्या माणसाला हिवाळा खायला उठतो. सामन्याच्या दिवशी तिला न्यायला रॉयची गाडी यायची. तिच्यासाठी कुणीतरी दाराशी गाडीचा भोंगा वाजवतंय, कुणीतरी खुर्ची राखून ठेवलीय, हाच तिचा आठवड्यातला सण होता. त्या खुर्चीवर तिचा जीव होता, मित्रांनो. तिने कुणाला तसं सांगितलं नाही. पण मोज्यात असताना मला तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. जाताना ती गुणगुणायची, येताना नाही.

मग शाळेच्या खेळविभागावर कीथ माकी नावाचा तरुण माणूस आला. माणूस वाईट नव्हता. लहानपणी लेंपीने वाढलेले बटाटे खाऊनच मोठा झालेला. पण त्याला सगळं चकचकीत हवं होतं. गावच्या बँकेने पुढच्या मोसमासाठी नवा बोर्ड देऊ केला होता. त्यात दिव्यांचा बाण होता. बटण दाबलं की दिशा बदलणारा. एकदा सामना संपल्यावर कीथ टेबलापाशी आला.

"मिसेस कांगास, रागावू नका. तुमचा बाण फिरेपर्यंत आमच्या मुली पलीकडे पोचलेल्या असतात. लोक हसायला लागलेत."

"हात लागेपर्यंत थांबते मी, कीथ."

"हात लागल्यावरही थांबता. बोटं चालत नाहीत तुमची, मला दिसतं. हे बघा, जिल्ह्याची अंतिम फेरी आपल्याच हॉलमध्ये आहे. ती नीट पार पडली, तर नव्या बोर्डाचं बटण तुम्हीच दाबा. पण तिथे काही गोंधळ झाला, तर मला खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

लेंपी "बरं" म्हणाली. रॉयने तिच्या वतीने कीथला एक शिवी हासडली, पण ती कीथ गेल्यावर. त्या दिवसापासून लेंपीचा तळवा बदलला. पूर्वी तो माझ्या पाठीवर शांत असायचा. आता त्यात थरथर आली. ती मला भराभर फिरवायची सवय करू लागली. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला ठेवायची आणि फिरवायची. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. माझा स्क्रू कुरकुरायचा. मला सांगावंसं वाटे, अगं, हळू असणं आणि चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण बाणाला टोक असतं, जीभ नसते.

अंतिम सामना आमचा आणि बेल रिव्हरचा होता. शेजारचं गाव, आणि शेजाऱ्याशी असतं तसंच वैर. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. आमच्या संघाची कप्तान होती जेना, रॉयची नात. चिवट पोर, शाळेचं शेवटचं वर्ष. रॉयने त्या दिवशी सलगमाचं नावही काढलं नाही, इतका तो घाबरला होता. कीथ टेबलाच्या मागेच उभा होता, आणि तो तिथे उभा आहे हे लेंपीला मान न वळवताही कळत होतं.

शेवटचं मिनिट सुरू झालं. आम्ही एका गुणाने पुढे होतो. दोन मुली चेंडूला धरून बसल्या, पंच डेल यांची शिट्टी वाजली, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं टोक बेल रिव्हरकडे होतं. पाळी त्यांची. त्यांची एक मुलगी रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. डेलनी तिच्या हातात चेंडू दिला.

आणि लेंपीने मला फिरवलं.

तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं. चेंडू अजून त्या मुलीच्या हातात होता आणि मी मात्र आमच्या बाजूला तोंड करून बसलो होतो. मागे कीथ उभा आहे, बाण वेळेवर फिरला पाहिजे, लोक हसायला नकोत, एवढंच तिच्या मनात होतं. हळू असल्याबद्दल बोलणी बसली होती, म्हणून तिने घाई केली. तेवढ्यात त्या मुलीने चेंडू फेकला, आणि जेनाने पाय मधे घालून तो अडवला. पुन्हा शिट्टी. लाथ मारणं नियमात बसत नाही. डेलनी चेंडू परत बेल रिव्हरला दिला. त्यांनी या वेळी नीट आत फेकला, खेळ सुरू झाला, आणि सगळा हॉल श्वास रोखून चेंडूमागे पळू लागला. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पाहुण्यांचा गुणलेखकही माझ्याच शेजारी बसून मैदानाकडे डोळे लावून होता.

बेल रिव्हरचा नेम चुकला. त्यांच्याच बास्केटखाली झोंबाझोंबी झाली, आणि जेना आणि त्यांची एक धिप्पाड मुलगी अशा दोघी एकाच चेंडूला लटकल्या. शिट्टी. घड्याळात काही सेकंद उरले होते. डेलनी टेबलाकडे पाहिलं. हॉलमधल्या प्रत्येकाने टेबलाकडे पाहिलं. मी आमच्या बाजूला बोट दाखवत होतो.

काय तो जल्लोष! चेंडू आमचा, म्हणजे सामना आमचा. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. रॉय खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारू लागला. फक्त लेंपी हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"रॉय, भोंगा वाजव."

"आं? कशाला?"

"बाण चुकलाय. मी आधीच फिरवला. लाथेच्या आधी. ती पाळी त्यांना पोचलीच नव्हती."

रॉयचं हसू जागच्या जागी विरलं. त्याला नियम ठाऊक होता. इतकी वर्षं तो तिच्या शेजारी बसला होता. तो खाली वाकला आणि दात आवळून म्हणाला, "लेंपी, गप्प बस. कुणी बघितलं नाहीये."

"मी बघितलंय."

"कीथ मागे उभा आहे. तुझी खुर्ची जाईल. आणि ती समोर माझी नात आहे गं."

"माहितीय मला. वाजव."

रॉयने हात मांडीखाली घातले. मित्रांनो, त्याला नावं ठेवू नका. हातातोंडाशी आलेला नातीचा घास होता तो. लेंपीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग त्याच्या पोटावरून हात लांब केला आणि सुजलेल्या बोटाने भोंग्याचं बटण दाबलं.

डेल टेबलापाशी आले. लेंपी उभी राहिली. उभी राहिली तरी टेबलापेक्षा फार उंच दिसत नव्हती.

"डेल, आधीच्या पाळीला मी बाण लवकर फिरवला. चेंडू तिच्या हातातच होता. मग लाथ लागली. त्यानंतर तो परत करायला हवा होता, मी केला नाही. घाबरले होते, म्हणून घाई केली."

डेलनी डोळे मिटून क्षणभर आठवून पाहिलं. दुसऱ्या पंचाला बोलावलं, त्याच्याशी दोन शब्द बोलले. मग त्यांनी दोन्ही प्रशिक्षकांना जवळ बोलावून सांगितलं की चेंडू बेल रिव्हरचा. आमचे प्रशिक्षक भडकले.

"त्यांना मिळाला होता की चेंडू! त्यांनी आत फेकला, त्या खेळल्या, सगळ्या हॉलने बघितलं!"

"तो लाथेबद्दल मिळाला," डेल म्हणाले. "पाळीचा चेंडू वाटेतच अडला. तुमच्याच मुलीने अडवला. जी पाळी पोचली नाही ती संपत नाही."

"पण शेवटी चेंडू मिळाला ना त्यांना?"

"ती भरपाई होती. भरपाई दिली म्हणून दुसऱ्याची पाळी खाता येत नाही, बाबा. नाहीतर लाथ फुकटच पडली. मग उद्यापासून सगळेच पाय घालतील."

प्रशिक्षकांनी हात झटकले. लेंपीने मला जागच्या जागीच फिरवलं, बेल रिव्हरकडे. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत जड वळण. वरून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, तुला किती दिले त्यांनी?" लेंपीने मान वर केली नाही.

त्यांची मुलगी रेषेबाहेर उभी राहिली. डेलनी चेंडू दिला. या वेळी लेंपीचा तळवा माझ्या पाठीवर होता, आणि तो थरथरत नव्हता. चेंडू सुटला, हवेतून गेला, त्या धिप्पाड मुलीच्या हातात पडला. तेव्हा, आणि तेव्हाच, लेंपीने मला आमच्या बाजूला फिरवलं. त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. पाठीमागे बास्केटच्या जाळीचा आवाज तेवढा ऐकू आला, आणि त्यावर भोंगा.

आम्ही हरलो. पुढची पाळी आमची होती आणि ती कधीच येणार नव्हती, तरी मी निमूटपणे ती दाखवत बसलो होतो.

हॉल रिकामा झाल्यावर कीथ आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"कुणालाही कळलं नसतं, मिसेस कांगास."

"म्हणून तर सांगावं लागलं."

"तुमचा बाण पुढच्या शुक्रवारी आणून द्या. चर्चच्या हॉलमध्ये मासळीच्या जेवणाला मी असेनच."

रॉय त्याआधीच गाडी घेऊन निघून गेला होता. लेंपी मला मोज्यात घालून बर्फातून चालत घरी गेली. त्या आठवड्यात तिच्या दाराशी कुणी आलं नाही. दुकानात तिच्या पुढे उभ्या असलेल्या बायका अचानक डब्यांवरची अक्षरं वाचू लागत. ती घरी येऊन मला टेबलावर ठेवी आणि नुसती बघत बसे. एकदा मात्र रडली. "खुर्ची गेली रे," ती मला म्हणाली. एवढंच. सांगितल्याचा पस्तावा तिला नव्हता, पण खुर्ची गेल्याचं दुःख होतं. या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने राहत नाहीत, पण राहतात.

शुक्रवारी ती मला पिशवीत घालून चर्चच्या हॉलमध्ये गेली. ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी मांस खात नाहीत, म्हणून तिथे तळलेली मासळी असते आणि सगळं गाव जेवायला येतं. वाढायला बास्केटबॉलच्या मुली होत्या. लेंपी आत आली तशी बाकांवरची बडबड थांबली. दुकानदार हँक लूमिस मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "जागा करा रे, बेल रिव्हरच्या पाहुण्या आल्या."

काही जण हसले. रॉय त्याच बाकावर बसला होता. तो हसला नाही, पण त्याने पानातून मानही वर केली नाही.

जेना कोबीच्या कोशिंबिरीचं पातेलं घेऊन वाढत होती. ती थांबली. पातेलं तिने हँकच्या समोर दाणकन आदळलं.

"काका, लाथ कुणी मारली?"

"आं?"

"त्या दिवशी लाथ कुणी मारली? मी मारली. मुद्दाम. चेंडू आत जाऊ नये म्हणून पाय मधे घातला. आठवडा झाला, तुम्ही सगळे मुम्मूला बोलताय. दुकानात, चर्चमध्ये, आमच्या घरी जेवताना. मला एका माणसाने एक शब्द विचारला नाही. उलट पाठीवर थापा! बाण मुम्मूचा होता, पण पाय माझा होता."

तिचा आवाज शेवटी फाटला. हँक कोशिंबीर खाऊ लागला. त्याला ती आवडत नसे. जेनाने आजोबांकडे पाहिलं. रॉयने ताट बाजूला सारलं. मग तो आपलं मोठं पोट सावरत बाकावर थोडा सरकला.

"बस, लेंपी," तो म्हणाला. "गार होतंय."

ती बसली. रॉयचे डोळे भरून आले होते. त्याने त्याचा ठपका मिरपुडीवर ठेवला.

कीथ आला, तेव्हा तिने मला पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने मला हातात घेतलं, एकदा फिरवलं, आणि परत तिच्यापुढे ठेवलं. "हा तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. खुर्चीबद्दल मात्र तो बोलला नाही. ती गेली ती गेलीच. मित्रांनो, खरं बोललं की सगळं परत मिळतं, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी लाकडाचा आहे, खोटं सांगायला मला जमत नाही.

आता मी लेंपीच्या स्वयंपाकघरात असतो. माझा रंग उडालाय, स्क्रू सैल झालाय. रविवारी रॉय पत्ते खेळायला येतो आणि पत्ते वाटायची पाळी कुणाची ते मी दाखवतो. रॉय लेंपीची नजर चुकवून मला फिरवायला बघतो, आणि मार खातो. नवा मोसम सुरू झाला, त्याच्या पहिल्याच रविवारी तो आल्या आल्या टोपी न काढता खुर्चीत बसला.

"तो दिव्यांचा बाण," तो म्हणाला. "कीथ स्वतःच बटण दाबत होता. पाहुण्यांची पाळी होती. चेंडू पंचाच्या हातात, आणि याने दाबलं."

लेंपीचे हात पत्त्यांवर थांबले. "लाथ लागली?"

"फाउल झाला, मधेच. म्हणजे पाळी त्यांचीच राहायला हवी होती. पुढे पुन्हा दोघी चेंडूला लटकल्या, तर बोर्ड आपली दाखवत होता. आपण दोन गुणांनी मागे, लेंपी. सगळे खुश."

"मग?"

रॉयने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"मग काय. वाजवला भोंगा."

लेंपीने पत्ते त्याच्याकडे सरकवले.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी मागणं मागतात. आम्हाला पुसा, तेल लावा, अडगळीत टाकू नका. तेवढं कराल तर मला हवंच आहे. माझ्या स्क्रूला खरोखरच तेलाची गरज आहे. पण माझं मोठं मागणं वेगळं आहे. आपल्या पाळीची काळजी प्रत्येकजण घेतो, ती कुणाला शिकवावी लागत नाही. तुम्ही समोरच्याची पाळी सांभाळा. ती त्याच्या हातात पोचेपर्यंत तिच्यावर तळवा ठेवून थांबा, मग मागे कुणीही उभं असो. आणि जर कधी तुमच्या हातून बाण लवकर फिरला, तर भोंगा दुसरा कुणी वाजवेल म्हणून वाट बघू नका.